कडक वेदनाशामक आणि पोट साफ करणारी वनस्पतीजन्य औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. मॉर्फिन किंवा ट्रामाडॉलची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस पहिल्या दिवशी एकच विचारतो, दुखायचं कधी थांबेल? आठवड्यानं तोच माणूस परत येतो, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "चार दिवस झाले, संडासला झालीच नाही." खालचे बरेचसे प्रश्न त्या दुसऱ्या भेटीतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. कोणाला किती मात्रा हे ज्याचे त्याचे डॉक्टरच ठरवतील.

माझ्या गोळीत ओपिऑइड आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

ओपिऑइड म्हणजे अफूसारखं काम करणारी कडक वेदनाशामकं. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि फेंटानिल ही या गटातली नेहमीची नावं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांत येत नाहीत. घोळ होतो तो जोडगोळ्यांत. पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल, किंवा पॅरासिटामॉल आणि कोडीन, एकाच गोळीत असतात आणि वर ठळक अक्षरांत फक्त कंपनीनं दिलेलं नाव असतं. स्ट्रिप उलटी करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

दुखणं पाठीत आणि गोळीनं पोट का बंद पडतं?

कारण ही औषधं मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांना, चिकटतात, तसलेच ग्राही आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातही असतात. तिथं ती चिकटली की मळ पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात. आतडं अगदीच निपचित पडतं असं नाही. ते जागच्या जागी मळत राहतं, पुढे सरकवत नाही. मळ जितका जास्त वेळ रेंगाळतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. आतड्यात पाझरणारा रसही कमी होतो. आणि गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो, त्यामुळे कळ आली तरी कुंथावं लागतं.

हे काही नवं नाही. अफू शतकानुशतकं जुलाब थांबवायला वापरली गेली. आजही जुलाबावर सर्रास मिळणारं लोपरामाइड हे रचनेनं आणि कामानं ओपिऑइडच आहे. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूत शिरत नाही आणि आतड्यावरच काम करतं, एवढंच. म्हणजे एकाचा दुष्परिणाम तो दुसऱ्याचा उपयोग.

थोड्या दिवसांत शरीराला सवय होईल ना?

मळमळ आणि गुंगी यांची बहुतेकांना काही दिवसांत सवय होते. बद्धकोष्ठाची होत नाही. "बघू, आपोआप सुरळीत होईल" म्हणून वाट पाहणारे सगळ्यात जास्त त्रास काढतात. म्हणूनच नियमित ओपिऑइड सुरू होतं त्याच दिवशी पोटाचं औषधही सुरू करावं, खडा झाल्यावर नव्हे.

सोनामुखी आणि ओपिऑइड एकत्र घेतली तर चालतात का? दोघांचं भांडण होत नाही?

चालतात. मुद्दाम एकत्र दिली जातात. सोनामुखीच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. ती जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे जातात. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि त्यातून खरं काम करणारं द्रव्य मोकळं होतं. ते आतड्याच्या भिंतीतल्या नसांना डिवचतं, लाटा पुन्हा सुरू करतं आणि पाणी शोषलं जाणं कमी करतं. ओपिऑइडनं जे थांबवलं नेमकं तेच सोनामुखी चालू करते.

वेदना शमवायचं काम मेंदूत आणि मज्जारज्जूत चाललेलं असतं, तिथं सोनामुखीची लुडबुड नसते. त्यामुळे "सोनामुखी घेतली तर दुखायला लागेल" ही भीती नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत उपशामक उपचारांच्या भागात सेना, म्हणजे सोनामुखी, आहे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये ओपिऑइडमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठावर मार्गदर्शन दिलं, त्यातही पहिली पायरी नेहमीची रेचकंच आहेत.

तरीही दोघांमध्ये आडवाटेनं संबंध येतो. तो पुढे जुलाबाच्या आणि मेथाडोनच्या प्रश्नात पाहू.

सोनामुखी कधी घ्यायची?

परिणाम दिसायला साधारण ६ ते १२ तास लागतात, म्हणून रात्री झोपताना. दुपारी बाराला घेतली तर रात्री उठावं लागेल आणि गुंगीत अंधारात संडास गाठताना माणूस पडतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मला बद्धकोष्ठापेक्षा या पडण्याची जास्त धास्ती वाटते.

गोळीत सेनोसाइड किती हे कंपनीगणिक वेगळं असतं. कुठं ७.५ मिलिग्रॅम, कुठं ८.६, कुठं आणखी. "दोन गोळ्या" हे माप म्हणून पुरेसं नाही, मिलिग्रॅम बघा. चूर्णाच्या किंवा पानांच्या काढ्याच्या बाबतीत तेवढंही कळत नाही. एका चमच्यात काल किती गेलं आणि आज किती, हे सांगता येत नाही. ओपिऑइड मोजूनमापून घेत असताना त्याच्या जोडीला न मोजलेलं रेचक मला पटत नाही.

इसबगोल तर सगळ्यात सौम्य. मग ते का नको म्हणतात?

सगळ्यात जास्त चूक इथं होते, म्हणून जरा सविस्तर.

एका पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, दोन चमचे इसबगोल ढवळा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. परत आलात की पाणी दिसत नाही. लगदा झालेला असतो, पेला तिरका केला तरी तो घरंगळत सावकाश येतो. इसबगोलाचं काम हेच आहे. पाणी धरून फुगायचं, मळाचं आकारमान वाढवायचं. आतड्याची भिंत ताणली गेली की निरोगी आतडं स्वतःहून जोर लावतं आणि सगळं बाहेर ढकलतं.

आता तो लगदा अशा आतड्यात आहे असं समजा, ज्याची ढकलायची ताकदच गोळीनं काढून घेतली आहे. भिंत ताणली जाते, पण उत्तर येत नाही. वरून रोज नवा लगदा येत राहतो. पाणी शोषलं जातं आणि लगद्याची जागा घट्ट बुचासारखी वस्तू घेते. पोट फुगतं, दुखतं, आणि क्वचित आतड्याला पुरता अडथळा होतो. दुखण्यामुळे अंथरुणाला खिळलेला आणि दिवसभरात घोट-घोटच पाणी पिणारा माणूस असेल तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून ओपिऑइडमुळे झालेल्या बद्धकोष्ठात इसबगोलासारखी फुगणारी औषधं टाळावीत असाच सल्ला दिला जातो.

सोनामुखी वनस्पती, इसबगोलही वनस्पती. पण एक ढकलतं, दुसरं फुगवतं. पाकिटावरच्या "वनस्पतीजन्य" या शब्दावरून औषध निवडणारा माणूस इथंच फसतो.

मी दहा वर्षं रोज इसबगोल घेतोय. आता ऑपरेशननंतर ट्रामाडॉल लागलंय. बंद करू?

डॉक्टरांना विचारून बहुधा तेवढ्या दिवसांपुरतं थांबवावं लागेल आणि जागी ढकलणारं किंवा मळात पाणी धरून ठेवणारं औषध घ्यावं लागेल. चालूच ठेवायला सांगितलं तर दर वेळी पूर्ण पेलाभर, म्हणजे साधारण २४० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्या आणि आडवं पडायच्या ऐन वेळी घेऊ नका. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. लगद्यात अडकलेली गोळी रक्तात उशिरा पोचू शकते. दुखण्याची गोळी घेतली आणि तासाभरानंही फरक नाही, म्हणून कोणी दुसरी घेऊन टाकली, तर पुढे दोन्ही एकदम लागू होतील.

एरंडेल, कोरफड, तयार चूर्णं?

एरंडेल तेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याला जोरात आकुंचन पावायला लावतं. एकदाच पोट धुऊन काढायला ते चालेल, पण रोज लागणारं हे औषध नव्हे. मुरडा येतो, पाणी जातं. गरोदरपणात तर नकोच.

कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा कडू चीक सोनामुखीसारख्याच द्रव्यांचा, पण जास्त झोंबणारा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्ये कोरफडीचा चीक आणि कास्कारा (एका झाडाची रेचक साल) ही दोन्ही चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून वगळली, कारण सुरक्षिततेची पुरेशी माहिती कोणी सादर केली नाही. आतला पारदर्शक गर वेगळा, त्याला हे लागू नाही.

चूर्णांच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. "पाचक" म्हणून घेतलेल्या चूर्णात सोनामुखी असू शकते, आणि वर तुम्ही सोनामुखीची गोळीही घेत असता. कित्येकांत ज्येष्ठमधही असतं. जास्त दिवस जास्त घेतलं तर ज्येष्ठमधानं शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब वाढतो. जुलाबानंही पोटॅशियम जातं. दोन्ही एकाच डब्यात.

रेचक जास्त झालं आणि जुलाब लागले, तर दुखण्याच्या गोळीवर परिणाम होतो?

साध्या, लगेच विरघळणाऱ्या गोळीवर फारसा नाही. ती लहान आतड्यात शोषली जाते आणि सोनामुखीचं काम त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात चालतं. १२ किंवा २४ तास पुरवून पुरवून औषध सोडणाऱ्या गोळीचं वेगळं. ती वाटेत लांबवर औषध सोडत जाते. जोराचे जुलाब झाले तर तिचा काही भाग वाया जाऊ शकतो. (मळात गोळीचं रिकामं कवच दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. अशा काही गोळ्यांचं टरफल औषध सोडून झाल्यावर तसंच बाहेर येतं.)

खरा धोका उलट बाजूनं येतो. जुलाबानं शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं. मॉर्फिनचे यकृतात तयार झालेले अंश मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि त्यातला एक चांगलाच प्रभावी असतो. तो साचू लागला की मात्रा तीच राहूनही माणूस जास्त गुंगतो, बोलताना अडखळतो, अंगाला झटके येतात, श्वास मंदावतो. ज्यांची मूत्रपिंडं आधीच अशक्त आहेत त्यांच्यात हे लवकर होतं. दिवसभर जुलाब आणि माणूस नेहमीपेक्षा सुस्त, हे दोन्ही एकत्र दिसलं तर डॉक्टरांना लगेच फोन करा. हाक मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटत असेल तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालयात न्या.

मेथाडोन घेणाऱ्यांना वेगळी सूचना का देतात?

मेथाडोन हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी नावाचा टप्पा लांबवतं. इसीजी काढला की तो दिसतो. रक्तातलं पोटॅशियम घसरलं की तोच टप्पा आणखी लांबतो, आणि फार लांबला तर ठोके धोकादायक रीतीनं बिघडतात. नेमक्या मात्रेत सोनामुखी घेऊन रोज एकदा मऊ शौच होत असेल तर पोटॅशियम घसरायचं कारण नाही. पण मात्रा वाढत गेली आणि जुलाब चालूच राहिले तर घसरतं. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडसारखी गोळी किंवा स्टिरॉइड चालू असेल तर आणखीच. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, पोटॅशियम कमी असताना त्याची विषबाधा लवकर होते.

लघवी लालसर झाली. रक्त आहे का?

सोनामुखीनं लघवीला पिवळसर-तपकिरी किंवा लालसर झाक येते, ती निरुपद्रवी असते. पण लघवीला जळजळ, ताप किंवा लघवीत रक्ताच्या गाठी असतील तर तपासून घ्या. कोलोनोस्कोपीत आतड्याची आतली बाजू काळपट दिसली तर तो रंगही सोनामुखीच्या वापरामुळेच आलेला असू शकतो. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत तो जातो.

सोनामुखीची सवय लागते, आतडं आळशी होतं म्हणतात. पाकिटावर तर "एका आठवड्याहून जास्त घेऊ नये" असंच छापलंय.

आठवड्याची ती सूचना स्वतःच्या मनानं घेणाऱ्यांसाठी आहे. बद्धकोष्ठामागे दुसरा आजार दडलेला असेल तर तो वेळेत कळावा म्हणून. ओपिऑइडच्या बाबतीत कारण माहीत आहे, आणि ते कारण जोवर रोज पोटात जातंय तोवर त्याचा उताराही रोज लागणार. नेहमीच्या मात्रेत सोनामुखीनं आतड्याच्या नसा निकामी होतात याला भक्कम पुरावा नाही. ही भीती घेऊन दर तिसऱ्या दिवशी "आज सुट्टी" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांची पाचव्या दिवशीची अवस्था बघितली की त्यांना रागवावंसंही वाटत नाही.

आता तर पातळच होतंय. सोनामुखी बंद केली, बरोबर ना?

थांबा. आधी हे पातळ कुठून येतंय ते बघायला हवं.

माझ्या आत्याला मणक्याच्या दुखण्यासाठी मॉर्फिन चालू होतं, सोबत रात्री सोनामुखीच्या दोन गोळ्या. दुखणं वाढलं तशी मॉर्फिनची मात्रा दोनदा वाढली, सोनामुखी दोनवरच राहिली. एका सकाळी चादरीला डाग दिसला, मग दिवसभर थोडं थोडं पाण्यासारखं, तिला न कळत. वहिनीनं फोन केला, "जुलाब लागलेत, काय देऊ?" मी घाईत होतो. सोनामुखी थांबवा आणि लोपरामाइडची एक गोळी द्या, असं मीच सांगितलं. दोन दिवसांनी पोट टम्म फुगलं. नर्सबाईंनी हातमोजा घालून तपासलं तर गुदाशय दगडासारख्या मळानं भरलेला होता आणि वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपत होतं. बद्धकोष्ठाला मी जुलाब समजलो होतो, आणि त्यावर आणखी एक ओपिऑइड चढवलं होतं.

तर, आधी चार-पाच दिवस नीट शौच नाही आणि मग अचानक थोडं थोडं पातळ, कपड्याला लागणारं, पोट जड, असं असेल तर हे जुलाब नसण्याचीच शक्यता जास्त. तपासून घेईपर्यंत जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. आणि ओपिऑइड वाढवलं की रेचकाचं काय करायचं, हे त्याच वेळी विचारा.

तीन दिवस काहीच नाही. सोनामुखी दुप्पट घेऊ का?

आधी हे बघा. पोट फुगून ताठ झालंय का, उलट्या होताहेत का, गॅसही सुटत नाही का, थांबून थांबून जोराची कळ येते का? यातलं काही असेल तर कोणतंही रेचक घेऊ नका. आतडं अडलं असेल आणि त्यात मागून ढकललं तर ते फाटू शकतं. सरळ रुग्णालय गाठा. मळात रक्त किंवा काळा डांबरी मळ असेल तरीही.

असं काही नसेल तर डॉक्टरांशी बोला. सोनामुखीची मात्रा वाढवता येते, किंवा तिच्या जोडीला मॅक्रोगॉल किंवा लॅक्ट्युलोज देतात, जी मळात पाणी धरून ठेवतात. मॅक्रोगॉल इसबगोलासारखं फुगून लगदा करत नाही. खडा खालीच अडकला असेल तर सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) किंवा एनिमा लागतो, वरून कितीही औषध घेतलं तरी उपयोग नाही. एवढ्यानंही भागलं नाही तर आतड्यातल्या ग्राहींवरून ओपिऑइडला हटवणारी खास औषधं आहेत. मेथिलनालट्रेक्सोनला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, नालोक्सेगॉलला २०१४ मध्ये, नालडेमेडिनला २०१७ मध्ये. ती मेंदूपर्यंत फारशी पोचत नाहीत, त्यामुळे वेदनाशमन टिकून राहतं. आतडं अडल्याची शंका असेल तर मात्र ती देत नाहीत.

स्वतःच ठरवून दुखण्याच्या गोळ्या गाळणं हा उपाय नव्हे. पोटाला घाबरून वेदना सोसणारे रुग्ण मी बघतो, आणि दर वेळी वाटतं की पहिल्याच दिवशी एक ओळ जास्त लिहिली गेली असती तर ही वेळ आली नसती.

सोनामुखीबरोबर डॉक्युसेट असलेली गोळी जास्त चांगली का?

डॉक्युसेट मळ मऊ करतं असं म्हणतात. २०१३ मध्ये हॉस्पिसमधल्या, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या, रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोनामुखीबरोबर डॉक्युसेट घेणाऱ्यांत आणि सोनामुखीबरोबर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत फरक दिसला नाही. असेल तर असू द्या, मुद्दाम शोधू नका.

पातळ काढे, आसवं?

बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण बघा. आंबवून केलेल्या औषधांत ते असतंच. अल्कोहोल आणि ओपिऑइड एकमेकांची गुंगी वाढवतात, श्वासावरचा दाबही. सावकाश औषध सोडणाऱ्या काही कॅप्सूल अल्कोहोलनं एकदम फुटतात आणि दिवसभराचं औषध थोड्या वेळात रक्तात उतरतं.

पॅच लावलाय. तरी पोटाचं औषध लागतं?

फेंटानिलच्या, त्वचेवर चिकटवायच्या पॅचनं तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनपेक्षा बद्धकोष्ठ कमी होतं. कमी, पण होतं. हो, लागतं.

ओपिऑइड बंद होत आलंय. सोनामुखी किती दिवस?

ओपिऑइड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानं उतरवत न्या, सोनामुखीही त्याच्या मागोमाग. ओपिऑइड झटक्यात थांबवलं तर जुलाब हे सोडण्याच्या त्रासाचं एक लक्षण असतं, आणि त्यात सोनामुखी चालू राहिली तर भर पडते.

डॉक्टरांकडे जाताना काय लिहून नेऊ?

एक वही पुरते. कोणती गोळी किती वाजता, रेचक किती मिलिग्रॅम, शौच झालं का, कसं झालं. "कसं" सांगायला लाजू नका. शेळीच्या लेंड्यांसारखं, फुटलेल्या काकडीसारखं, मऊ, पाण्यासारखं, जसं असेल तसं. ब्रिस्टलचा तक्ता म्हणून सात प्रकारांची चित्रं मिळतात, नुसता आकडा लिहिला तरी डॉक्टरांना कळतं. माझ्याकडे एक आजोबा अशी वही घेऊन येतात. त्यातली एक ओळ: "मंगळवार. मॉर्फिन ४ वेळा. सोनामुखी रात्री १५ मिग्रॅ. शौच नाही. गॅस होतोय. भूक आहे." शेवटच्या दोन नोंदी वाचून मी त्यांना फक्त डॉक्टरांना फोन करायला सांगितलं, रुग्णालयात धावायला नाही.